अफिफाच्या वर्गावर लिहिलेला कागद

तीर्थरूप बाबा,
अमरावतीहून चारुताचा नमस्कार.

आमच्या रसायनशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अफिफाला पुढच्या सत्रात तास मिळणार नाहीत. आज दुपारी प्राचार्यांनीच सांगितलं. याला कारण मी आहे.

आम्ही एकमेकांच्या वर्गात मागे बसतो आणि काय सुधारता येईल ते त्या शिक्षकालाच लिहून देतो. ही पद्धत मीच सुरू केली. कागद दुसऱ्या कोणाला दिसणार नाही, हा शब्दही माझाच. जुलैत मी तिला लिहिलं, ‘तुम्ही फळ्याशी बोलता, मुलांशी नाही.’ दिवाळीपर्यंत तिचा वर्ग पार बदलला. तास संपला तरी मुली प्रश्न विचारत थांबायच्या. ते लिहायचं माझ्याकडून राहिलं. जुलैच्या कागदाची प्रत मात्र, या पद्धतीचं काम दिसावं म्हणून, मी विभागाच्या वार्षिक अहवालाला जोडली. प्राचार्यांनी तेवढीच वाचली.

अफिफा रागावली नाही. "मॅडम, तुमी तं म्हणल्या होत्या का हे माह्यासाठीच हाय," एवढंच म्हणाली.

माझी तब्येत बरी आहे, डबा वेळेवर येतो. आईचा गुडघा कसा आहे? हिवरखेडला थंडी पडली का? आईला हे वाचून दाखवू नका.

माझी चूक कबूल करणारा अर्ज मी दिला आहे. सोमवारच्या बैठकीत तो वाचतील, पण निर्णय बदलणार नाही, असं प्राचार्य म्हणाले. तिचे तास आता मला घ्यायचे आहेत. पहिल्याच दिवशी मुली विचारतील, अफिफा मॅडम कुठे गेल्या.

तुमची,
चारुता