वळणावरचा हॉर्न

तीर्थरूप आई,

आम्हा दोघांचाही वाकून नमस्कार. गाडी भाड्याने घेतलीच. आधी पूर्ण वाच, मग रागाव.

इथे परदेशात स्टिअरिंग डावीकडे असतं. मी ऐटीत उजव्या दाराने आत बसलो, तर समोर चाकच नाही! तुझी सून म्हणाली, "प्रमुख पाहुण्यासारखे बसलाच आहात, तर भाषण करा."

काल घाटात थोडं धुकं होतं. तुझ्या शिकवणीप्रमाणे मी प्रत्येक वळणावर हॉर्न दिला. मागच्या ट्रकवाल्याने दिव्यांची उघडझाप करून आम्हाला थांबवलं आणि तो घाबरून धावत आला. "कोणाला लागलंय का?" इथे हॉर्न संकटातच वाजवतात म्हणे!

"आईची आज्ञा आहे," मी ठणकावून सांगितलं. तो हसला. त्याने ट्रक पुढे घेतला आणि पायथ्यापर्यंत आम्हाला वाट दाखवत नेलं.

तुझा गुडघा कसा आहे? जग काहीही म्हणो, वळणावर मी हॉर्न देणारच. त्या हॉर्नमुळेच काल सुखरूप उतरलो.

तुझा,
मोठ्या आवाजाचा मुलगा