उलट्या प्रदक्षिणेचा उंदीर

ती. मार्तंडमामांना,

संगमनेरहून सुमेधाचा वाकून नमस्कार. "सुमे, देव उजव्या हाताला ठेवायचा गं, डावखुऱ्यांनीसुद्धा!" असं म्हणून, देवळात मी उलटी प्रदक्षिणा घालू लागले की तुम्ही माझे खांदे धरून मला फिरवायचात, आठवतं? (गुडघे कसे आहेत? मामींनी धाडलेली कारळ्याची चटणी संपली.) त्या वाक्यापायी परवा माझी नोकरी जाता जाता राहिली.

आमच्या औषधशास्त्राच्या कॉलेजात सध्या उझ्मा मॅडमचा प्रयोग चालू आहे. पांढऱ्या उंदराला उत्तेजक औषध टोचून गोल भांड्यात सोडलं, की तो तेच ते करत बसतो: हुंगतो, आणि गोल गोल फिरतो. मी फेऱ्या मोजायच्या. परवाचा उंदीर डावीकडे फिरू लागला. मी बघत होते, बघत होते, आणि माझा हात भांड्यात कधी गेला ते मलाच कळलं नाही. त्याला उचलून उजवीकडे तोंड करून ठेवलं. तो पुन्हा डावीकडे. मी पुन्हा उचललं. (चावला. फार नाही.)

"सुमेधाताई, हे काय चाललंय?" मॅडम दारातूनच ओरडल्या.

"अहो, उलटा फिरतोय तो!"

"मग फिरू द्या ना! तेच तर बघायचंय!"

राग ओसरल्यावर त्यांनी समजावलं. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांत एक रसायन असतं, पण दोन्हीकडे सारखं नसतं. ज्या बाजूला जास्त, तिच्या विरुद्ध बाजूला उंदीर वळतो. कुणी डावा, कुणी उजवा. औषध नवं काही शिकवत नाही, आतलंच वळण मोठं करून दाखवतं. मामा, चिंचोक्याएवढा तो मेंदू, त्यातही डावं-उजवं, तेही कुणी शिकवायच्या आधीच! मी भांड्याशी हात जोडून उभी राहिले. (मॅडमना वाटलं, माफी मागतेय.)

मामींना नमस्कार.

ता. क. प्रयोग संपला की उंदरांचे मेंदू काढून तपासतात. हा माझ्यामुळे बाद झाला, त्याचा मेंदू आता कुणाला नको. पण सोमवारपर्यंत सांभाळणारं घर मिळालं नाही तर त्यालाही मारतील. माझ्या घरमालकीण भागूबाईंकडे मांजरी आहेत. तुमच्याकडे कोल्हारला मांजर नाही. (सापळा आहे, ठाऊक आहे. तांदळाच्या डब्यावरून तुमचं उंदरांशी असलेलं वैरही.) ठेवाल?

आणखी एक. तुम्ही नाहीच म्हणणार. पण चुकून हो म्हणालात, तर सांगून ठेवते: औषध उतरलं तरी तो डावीकडेच वळतो. देवघरासमोरही वळेल. मामा, त्याचे खांदे धरू नका.