नखानं खरवडलेला तीळ

सुकी, घोलवडच्या चिकूवाडीतून लाडक्याचा राम राम.

जेवतो मी, दोन्ही वेळा जेवतो. आपला भाचा विनोद घरी येऊन काहीबाही सांगेल, म्हणून आधीच सांगतो. फोनवर तू रडतेस, म्हणून ही चिठ्ठी त्याच्याच हाती देतो.

टाचेवरचा तीळ वाढला होता. चिकू तोडताना आपण साल नखानं खरवडतो, आत हिरवं दिसलं की झाडावरच ठेवतो. तसाच तीळ पण खरवडून बघितला. रक्त थांबेना. डहाणूचा डॉक्टर ओरडला, "काका, तो काय चिकू आहे?" मी म्हटलं, "चिकू असता तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?" तो हसला नाही. तीळ कापून तपासायला मुंबईला पाठवला. कॅन्सर आहे की नाही ते शुक्रवारी कळेल. नसेलच.

पाय दुखत नाही. फक्त आता चिकू खरवडायला नख पुढं होत नाही. विनोदला बघायला लावतो, तर तो हिरवेच तोडतो आणि शेठच्या शिव्या मी खातो.

कोंबडी खुडूक बसली का? आपल्या शितलचा पोरगा चालायला लागला का?

तू इकडं येऊ नको, रडारड मला जमत नाही. शुक्रवारी नऊला मी डॉक्टरच्या दारात असेन. आपल्या झरीहून पहिली जीप सहाला सुटते. कोणी विचारलं तर चिकू आणायला चालले म्हणायचं.

याच्यापुढं मी काही लिहिणार नाही.

लाडक्या