कस्तुरा दचकली न्हाई

४ फेब्रुवारी १९८०
दुपारी आभाळ फुटल्यावानी धडाका झाला! म्हैस दावं तोडून पळाली. सासूबाईच्या हातातली परात पडली. मी पाळन्याकडं पळाले. माजी कस्तुरा, सात म्हैन्याचं लेकरू — गप निजलेली. पापनी सुदीक हालली न्हाई.
सासूबाई म्हनल्या, "लय धीट हाय नात माजी! आजावर गेली."
मी हासले. पर सांजंपस्तोर पोरीकडंच वळून वळून बघत ऱ्हायले.

५ फेब्रुवारी
सिताराम गुरुजी दूध न्यायला आलते. म्हनले, लढाईचं इमान व्हतं. आवाजापेक्षा जोरात पळतं. इमान म्होरं, धडाका मागून. असलं माणसं नेनारं बी हाय म्हने, इलायतेचं. साडेतीन घंट्यात समुद्रापार! पर धडाक्यापायी आपलं सरकार त्याला वरून तसं पळू देत न्हाई.
सासूबाई म्हनल्या, "गुरुजी, आधी ताडकळसची यष्टी टायमावर आना!"
म्या इचारलं, आतल्या माणसायचे कान फुटत न्हाईत का?
"त्यायला धडाका ऐकूच येत न्हाई बाई. निवांत चहा पितेत."
माजी नजर पाळन्यावर गेली.

९ फेब्रुवारी
घरात बोलले — पोरीला ऐकू येत न्हाई. सासूबाई भडकल्या. "जलमली तवा म्याच थाळी वाजवली! दचकली व्हती!" उठल्या, थाळी पाळन्याला टेकवून बडवली. कस्तुरा दचकली!
"बघ! तोंडाला येईल ते बोलू नको."
लय बरं वाटलं.

१० फेब्रुवारी
सासूबाई नदीवर गेल्या तवा थाळी घेतली. पाळन्याला लावली न्हाई. पोरीच्या मागं उभी राहून बडवली. हात दुखस्तोर. ती आपली अंगठा चोखायली.
काल पाळना हालला मनून दचकली. जलमली तवा बी बाजंला टेकवूनच वाजवली व्हती.

११ फेब्रुवारी
भ्या वाटायलंय.

१२ फेब्रुवारी
मालक म्हनले, ज्वारी काढल्यावर बघू. म्या म्हनलं, ज्वारी थांबंल. उद्या परभणी. एकटी जाईन!

१३ फेब्रुवारी
डाक्टर म्हनले, ऐकू येत न्हाई. येनार बी न्हाई. मंग म्हनले, "एवढ्या लवकर कसं कळलं? लोक चार-चार वर्सानं आनतेत." इमानाचं सांगितलं. हासले न्हाईत. म्हनले, तोंडासमोर बोला, हातानं दाखवा, पाच वर्साची झाली की अशा लेकरायच्या शाळंत घाला.
घालनार! कोन काय म्हनायचं ते म्हनू.

१० जून १९८४
गुरुजीची बदली झाली. सांगून जायला आलते. म्हनले, पुढं कवातरी बिनधडाक्याचं इमान काढतीन. म्या म्हनलं, काढू द्या. तवर कस्तुराची शाळा पुरी हुईल. परवा जायचं. तिथंच ऱ्हायचं हाय तिला, माज्याबिगर.
इमान दिसलं की मी आजून कान झाकून खाली बसते. पोरगी बघून हासती.

११ जून
आंगनात तिचं गठुडं बांधायले व्हते. ती वर बघत व्हती. एकदम पळत आली अन् दोनी हात माज्या कानावर गच दाबले.
मंग धडाका झाला.