भुऱ्याचा डावा खुबा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

हर्सूल, औरंगाबाद
ता. ९ नोव्हेंबर १९८६

चि. भिकन यास अक्काचा आशीर्वाद. वि. वि. आम्ही इथं बरे आहोत, तुम्ही तिकडं पिशोरला बरे असाल असं धरून चालते.

दिवाळीला आलास आणि जाताना तुझं कुत्रं माझ्या गळ्यात टाकून गेलास. पायात काटा आहे, काढून घे म्हणालास. काटा नाय. मी एकेक बोट फाकवून पाहिलं. भुऱ्या उठतानाच कण्हतो, आणि पळायला लागला की मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो. आठ महिन्यांचं पोर आणि उठतंय माझ्या सासऱ्यासारखं. म्हणून गुरुवारी त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. तुझे दाजी म्हणाले, कुत्र्याला कोण दवाखान्यात नेतं. मी म्हणलं, मी नेते.

डॉक्टरनं हाडांचा फोटो काढायला लावला आणि उजेडात धरून मला दाखवला. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा असतो, तो उखळात बसावा तसा बसलेला पाहिजे. भुऱ्याचं उखळच उथळ. गोळा घसरतो आणि घासतो. डावा लई खराब आहे, उजवा थोडा. डॉक्टर म्हणाला, हे जन्माचं असतं, पण लहानपणी वजन भराभर वाढलं की जास्त बिघडतं. याला काय खाऊ घातलं, असं त्यानं मला विचारलं. मी म्हणलं, भावाला विचारून सांगते. तर सांग, काय घातलं?

इलाज म्हणजे ऑपरेशन. डावा गोळा कापून काढायचा. मग तिथं मांसच हाडाला धरून ठेवतं म्हणे. मला ते पटलं नाय, पण तो माझ्यापेक्षा शिकलेला आहे. कुत्रं तुझं आहे, तू हो म्हणशील तर करते. लवकर लिही. इथं नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, तुझ्या पत्राची वाट बघत बसायला मला सवड नाय.

साळूबाईला आशीर्वाद सांग. माझी माया आहे ती आहेच, मी ती दर वेळी लिहीत बसत नाय.

तुझी अक्का
सारजाबाई

*

पिशोर
ता. १७ नोव्हेंबर १९८६

ती. अक्काच्या पायाशी भिकनचा सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. तुझ्या भावजयीनं, साळूबाईनं ते दोनदा वाचून घेतलं. म्हणाली, अक्का कागदावरसुद्धा ओरडतात.

खाण्याचं विचारलंस. भुऱ्या लहान होता तेव्हाच बांडी मेंढीचं कोकरू मेलं. तिची कास तुंबली होती, म्हणून मी पिल्लू तिला लावलं. मेंढीला प्यालेलं कुत्रं जन्मभर मेंढराला सोडत नाय, हे आपला आबा करायचा ते तूही पाहिलं आहेस. झिपरी कुत्रीचं, म्हणजे त्याच्या आईचं दूध होतंच, वर बांडीचं. पाच महिन्यांत वासरासारखं दिसायला लागलं. आपला चुलतभाऊ कचरू मुद्दाम बघायला यायचा. दुधानं हाडं पक्की होतात, एवढं डॉक्टरला सांग.

आता माझं ऐक. इकडं पाऊस झालाच नाय. चारा शिवरातीपर्यंत कसाबसा पुरंल, मग कचरू आणि मी मेंढरं घेऊन पाचोडच्या अंगाला उतरणार. वाट तुझ्या दारावरूनच जाते. झिपरीचे दात गेलेत आणि मागच्या महिन्यात लांडग्यानं दोन कोकरं उचलली. कचरूची दोन कुत्री आहेत, पण ती त्याच्या मेंढरांची. मला चालणारं कुत्रं पाहिजे. आणि मेंढरांच्या वाड्याचा कायदा तुला सांगायला नको. जे कळपासोबत चालत नाय ते वाटंतल्या गावात देवळापाशी सोडायचं. म्हणून ऑपरेशन कर. त्याच्या आधी एकदा विळा तापवून खुब्याला डाग देऊन बघ.

दाजींना नमस्कार. तुझा हात डोक्यावर राहू दे.

तुझा भिकन

*

हर्सूल
ता. ४ डिसेंबर १९८६

चि. भिकन यास आशीर्वाद. वि. वि. डाग दिला नाय. तो विळा तुझ्याच खुब्याला लावून बघ आधी.

ऑपरेशन सोमवारी झालं. कापलेला गोळा डॉक्टरनं मला दाखवला. चिंचोक्यापेक्षा मोठा, सुपारीपेक्षा थोडा मोठाच असंल, आणि एका बाजूनं घासून सपाट झालेला. मी बाहेर बाकावर बसले होते. शेजारी एकजण बकरी घेऊन होता, तो म्हणाला, बाई, एवढ्या खटपटीत दुसरं पिल्लू आणलं असतं. मी त्याला म्हणलं, तुझी बकरी बघ.

दुधाचं सांगितलं डॉक्टरला. तो म्हणाला, दूध वाईट नाय, दोन आयांचं दूध वाईट. आता दिवसाला दोन भाकरी, तिसरी नाय. अंग हलकं राहिलं तर उजवा खुबा निभावून जाईल. टाके निघाले की रोज हळूहळू चालवायचं, पाय जमिनीला टेकवायला लावायचा. पाण्यातून चालवलं तर सगळ्यात चांगलं म्हणे, अंगाचा भार पाण्यावर पडतो. मी म्हणलं, डॉक्टरसाहेब, आम्हाला प्यायला नाय.

भुऱ्या खातो आणि झोपतो. आवडाबाई शेजारीण रोज येऊन त्याला बघून जाते आणि माझ्याकडं बघून हसते.

खुशाली कळवत जा, माझी आठवण असली नसली तरी.

अक्का

*

पिशोर
ता. १३ डिसेंबर १९८६

ती. अक्काला भिकनचा सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मला झोप नाय. त्याला चालवू नको. डॉक्टरनं गोळाच काढला, मग आधाराला राहिलं काय? आपण जन्मभर मेंढरांचे पाय बांधले. बांबूच्या कांबट्या, वर चिंधी, आणि चाळीस दिवस जागेवरून हलवायचं नाय. एकही मेंढरू लंगडं राहिलं का, सांग. त्या डॉक्टरनं किती मेंढरं राखली आहेत? तू कांबट्या बांध. माझं एवढं ऐक, पुढं काही मागत नाय.

धाकट्यावर राग धरू नये.

भिकन

*

हर्सूल
ता. १८ जानेवारी १९८७

चि. भिकन यास आशीर्वाद. वि. वि. तुझं ऐकलं. तीच चूक.

टाके निघाल्यावर मांडीपासून खाली कांबट्या बांधल्या आणि भुऱ्याला खुंट्याला अडकवला. डॉक्टरचं मला आधीच पटलं नव्हतं, त्यात तुझं पत्र आलं. मेंढराचा पाय मलाही बांधता येतो, हात आपोआपच चालले. पंचवीस दिवसांनी सोडलं तर पाय काठीसारखा वाळलेला. वर उचलून धरतो, टेकवत नाय. दवाखान्यात नेला. डॉक्टर ओरडला नाय, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, बाई, मोडलेलं हाड बांधायचं असतं. याचं हाड मोडलं नव्हतं, काढलं होतं. जे मांस खुबा धरणार तेच तुम्ही वाळवून ठेवलं. मी भावाचं नाव सांगितलं नाय. कांबट्या माझ्या हातानं बांधल्या होत्या.

तो म्हणाला, अजून वेळ आहे, पण थोडा.

आता रोज सकाळी त्याला तलावावर नेते. हर्सूलचा तलाव पार आटलाय, पाणी मधोमध गेलंय. म्हशी बसतात तिकडं भुऱ्याच्या पोटापर्यंत पाणी आहे. मी लुगडं खोचून पुढं आणि तो दोरीनं मागं. पहिल्या दिवशी तिथला राखणदार पुंडलिक आडवा आला, शहराला प्यायचं पाणी आहे म्हणाला. मी म्हणलं, आधी म्हशींना सांग, मग मला. आवडाबाई म्हणाली, माणसं हंड्यासाठी भांडतात आणि ही कुत्र्याला न्हाऊ घालते. मी म्हणलं, तू पण चल, तुझाही पाय धरतो ना.

काल त्यानं पाण्यात पाय टेकवला. बाहेर आल्यावर परत उचलला.

शिवरातीला पाच आठवडे आहेत. जमेल का, मला ठाऊक नाय. ठाऊक नाय म्हणजे ठाऊक नाय.

अक्का

*

पिशोर
ता. २७ जानेवारी १९८७

ती. अक्काला सा. न. वि. वि.

पिल्लू मेंढीची ओळख व्हावी म्हणून आठ दिवस लावलं तरी पुरतं. आबा आठच दिवस लावायचा. मी तीन महिने लावलं. कचरू बघायला यायचा, म्हणून. कांबट्या पण मीच बांधायला लावल्या. कुणाला बोललो नाय, तुला लिहितो.

भुऱ्या चालत नसंल तर मला दाखवू नको. मेंढरं हर्सूलला आली की दार लावून घे. देवळापाशी त्याला सोडायला मला लावू नको.

भिकन

*

हर्सूल
ता. १९ फेब्रुवारी १९८७

चि. भिकन यास आशीर्वाद. वि. वि. दार लावणार नाय.

तू तेव्हा आईच्या कडेवर होतास, तुला आठवणार नाय. आबाचं टिक्या नावाचं कुत्रं होतं. पाय मोडला, नीट जुळला नाय. फुलंब्रीच्या पलीकडं एका देवळापाशी त्याला सोडलं. ते दोन मुक्काम मागं आलं. मी वळून पाहिलं म्हणून आबानं मला थोबाडीत दिली. म्हणाला, कळप निघाला की मागं बघायचं नाय. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं नाय. ते मागं होतं का नव्हतं, मला आजही ठाऊक नाय. एवढंच. रडगाणं म्हणून लिहीत नाय.

भुऱ्याचं सांगते. चारही पाय टेकवतो. घरापासून तुरुंगाच्या भिंतीपर्यंत सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा जातो. लंगडतो. चालतो, पण पळत नाय. चार उड्या टाकतो आणि थांबतो. पळेल असं डॉक्टरनं कबूल केलेलं नाय. मीही करत नाय. जसा आहे तसा दारात उभा असंल, दोरी माझ्या हातात. तू बघ आणि तू ठरव. वाड्याचा मालक तू आहेस.

आबा मेंढरं बसवायचा त्या माळावर आता चुन्याच्या रेघा मारल्यात आणि प्लॉटचे दगड रोवलेत. मालकाला विचारून ठेवलंय. एक मुक्काम करा म्हणाला, लेंड्या तेवढ्या तिथंच राहू द्या, झाडं लावायची आहेत.

साळूबाईला म्हणावं, भाकरी इथंच खा. यायचं म्हणजे यायचं.

अक्का

*

पाचोड
ता. २२ मार्च १९८७

ती. अक्काच्या पायाशी भिकनचा सा. न. वि. वि. आम्ही सगळे पोचलो. सगळे लिहिलंय, ते नीट वाच.

तू दोरी हातात दिलीस आणि घरात निघून गेलीस. मी काय ठरवणार होतो, ते मलाही ठाऊक नव्हतं. नाय म्हणायला तोंड उघडलं नाय म्हणून तो आला, दोरी तुझ्या उंबऱ्यावरच राहिली. पहिले दोन मुक्काम चालला. आडूळच्या अलीकडं बसला. समोर देऊळ होतं. कचरू म्हणाला, जागा बरी आहे, इथं सोड. मी मेंढरांना पाणी दाखवायचं निमित्त केलं आणि थांबलो. विहीर कोरडी होती. घटकाभरानं भुऱ्या आपला उठला.

बांडी गाभण होती, ती शेवटी चालायची. भुऱ्याला कळपाचा पाय झेपत नाय, तो तिच्यासोबत शेवटी. मी पुढं, ती दोघं मागं.

परवा दिवस मावळायच्या आधी नाल्यापाशी लांडगा दिसला. उघड्यावर उभा. कचरूची दोन्ही कुत्री सुटली, आम्ही दोघं काठ्या घेऊन त्यांच्या मागं. तो आम्हाला लांब घेऊन गेला. दुसरा नाल्यात बसलेला होता, आम्ही गेल्यावर तो निघाला आणि शेवटच्या मेंढीवर आला. साळूबाईनं पाहिलं. भुऱ्या पळालाच नाय. त्याला पळता येतं कुठं? तो बांडीच्या आडवा उभा राहिला आणि भुंकत राहिला. साळूबाई दगड घेऊन ओरडत पोचली तोवर लांडगा बिचकून निघून गेला. भुऱ्याचा कान फाटलाय. बांडीला ओरखडा नाय. काल ती व्याली, मादी कोकरू झालं.

त्या रात्री कचरू त्याचा कान बघत बसला होता. म्हणाला, पळणारं कुत्रं असतं तर आज मेंढी गेली असती.

पुढचं पत्र पाचोडच्या पत्त्यावर टाक. तुझं बोलणं ऐकल्याबिगर बरं वाटत नाय.

भिकन

*

हर्सूल
ता. ३० मार्च १९८७

चि. भिकन यास आशीर्वाद. वि. वि. पत्र वाचलं. तुझ्या दाजींनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, मग नेलं ते बरंच केलं दवाखान्यात. आवडाबाई भुऱ्याची दोरी मागत होती, शेळीला पाहिजे म्हणून. दिली नाय.

कानाला हळद लाव आणि माशी बसू देऊ नको. दिवसाला दोनच भाकरी. शूर झाला म्हणून तिसरी घालू नको. बांडी व्यालीय, तर तिच्या दुधापासून त्याला लांब ठेव, आता तो पोर नाय. पाणी दिसलं की त्याला पोटाएवढ्या पाण्यातून चालव, पाचोडला असंल तर.

आबा म्हणायचा ते सोड. कळप निघाला की मागं बघत जा. शेवटी भुऱ्या असतो.

जाताना आलात तसं येतानाही दारावरूनच या.

अक्का