जवायाचं ताट

रविवार, संध्याकाळ

दाजीनं आदिलाबादच्या हॉटेलात विकाले शिंपले आणले. खोक्यावर खाडीचं नाव दिसलं अन् मी सांगितलं, "कोकणात माझ्या लॅबच्या तपासणीवरून याच खाडीतले शिंपले काढणं बंद केलं. यात इख हाय, उकळून मरत नाही." घरच्या सगळ्यांसमोर हासला. "बेला गावच्या पोरीले समुद्र काय समजते!"

बरं. आमच्यात पहिलं ताट जवायाचं. मूठभर शिंपले रांधले अन् त्याच्यापुढे वाढले. "चांगले उकळले, दाजी. खा न." हात ताटापाशी गेला अन् तिथंच थांबला. सगळे पाहून राह्यले. शेवटी ताट सारून उठला, सारं खोकं खड्ड्यात पुरलं. चांगली जिरली.

पण ते ताट डोळ्यांपुढून जात नाही. त्यानं घास उचलला असता, तर मी हात धरला असता काय?

नसता धरला.