थांबलेल्या पाण्याची कसोटी

३ मार्च
चहा ढवळून चमचा काढला, तरी चहा थोडा वेळ फिरतो आणि मग थांबतो. का थांबतो? कपाच्या कडांशी होणारे घर्षण त्याचा वेग खाऊन टाकते. या साध्या नियमावरच माझी नवी नोकरी उभी आहे. पाण्याच्या प्रवाहाची संगणकीय प्रारूपे खरी की खोटी हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी आज रुजू झाले. राहायला ताईकडे, तलावाकाठी. ती रोज सकाळी पोहते. तुझा संगणक पाण्यात पडला तर त्याला हातपाय तरी मारता येतील का, असे तिने आल्या आल्या विचारून घेतले.

५ मार्च
पहिली कसोटी सर्वांत सोपी. प्रारूपात हाच तलाव भरायचा. वारा नाही, आवक नाही, जावक नाही. तळ कितीही खडबडीत असो, पाणी जागचे हलता कामा नये. हलले, तर गणितात खोट आहे.
आमचे हलले. ताई उतरते त्या पायऱ्यांपाशी एक भोवरा संथ फिरत होता. खऱ्या तलावात तिथेच दोरीने नांगरलेला बुचाचा तरंगता तुकडा सोडला. तो ढिम्म.

८ मार्च
मला कारण शोधायचे होते. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले, अहवाल रखडलाय, घर्षणाचा आकडा वाढव आणि मोकळी हो. वास्तविक हा आकडा तळाच्या मोजमापातून यायला हवा. उत्तर जुळावे म्हणून तो वाढवणे म्हणजे ताप उतरवण्यासाठी तापमापक बर्फात धरणे. तरी वाढवला. भोवरा पडद्यावरून नाहीसा झाला.

९ मार्च
तलावातला बुचाचा तुकडा फिरतो आहे. वारा नाही. सर म्हणतात, मासा असेल.

१० मार्च
घरातल्या बादलीतले पाणीही. सकाळी भरलेले, संध्याकाळी फिरतेच आहे. ताई हसली, पाण्यालाही तुझ्यासारखं स्वस्थ बसवत नाही म्हणाली. पोहायला जाऊ नकोस, असे विनवले. तुला पोहायला कोणी शिकवलं, विसरलीस वाटतं, म्हणाली.

११ मार्च
आकडा पूर्ववत केला. भोवरा प्रारूपात परतायला हवा. पडद्यावरचे पाणी शांत. तो परत येत नाही —

१२ मार्च
पायऱ्यांवर ताईचा टॉवेल. शोधणाऱ्यांनी दोर सोडला, तोही गोल गोल — आकडा मी वाढवला होता. मी —

१३ मार्च
हे वाचणाऱ्याने पेल्यात पाणी घ्यावे. एकदा ढवळावे, चमचा काढावा, वाट पाहावी. थांबले, तर तुमच्यापर्यंत अजून आलेले नाही.
माझे थांबत नाही. आणि मी तर चमचा घातलाच नव्ह—